सातशे सत्तावन्न सह्या

१९ मार्च १९९६. शिकागोच्या दक्षिण भागात, इलिनॉय राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक होती आणि मतपत्रिकेवर त्या पदासाठी एकच नाव होतं. डिसेंबरात पाच जणांचे अर्ज आले होते. त्यांत विद्यमान सिनेटर ॲलिस पामर यांचाही होता. मार्च उजाडेपर्यंत चौघं बाहेर पडले आणि चौघांचंही घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, अर्जाला जोडलेल्या सह्यांपाशी. उरलेले पाचवे होते चौतीस वर्षांचे एक वकील, तोवर एकही सार्वजनिक निवडणूक न लढवलेले. बराक ओबामा.

ओबामा म्हटलं की आपल्याला २००४ चं पक्षाच्या अधिवेशनातलं बोस्टनचं भाषण आठवतं, २००८ ची गर्दी आठवते. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत मात्र भाषणाला जवळजवळ कामच पडलं नाही. कामाला आल्या त्या मतदार यादी आणि तारखा. नवखा माणूस राजकारणात नेमका कुठून शिरतो हे बघायला मला हे प्रकरण फार उपयोगी वाटतं. वाचून थोडं अस्वस्थही व्हायला होतं, ते का ते पुढे येईलच.

आधी पद्धत. आपल्याकडे विधानसभेचं तिकीट पक्ष देतो. एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याची वाट बघत इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करत असतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवारसुद्धा मतदारच ठरवतात, त्यासाठी आधी एक वेगळं मतदान होतं. तीच प्रायमरी. इलिनॉयमध्ये तर मतदाराने आधी पक्षाकडे नाव नोंदवायचीही गरज नसते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जायचं आणि कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. ऐकायला हे फार मोकळंढाकळं वाटतं. पण मतपत्रिकेवर नाव चढायचं तर त्या मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. राज्य सिनेटच्या या जागेसाठी त्या वेळी किमान ७५७ लागत होत्या. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा. त्या दहांतसुद्धा छाननीच्या दिवशी काय काय निघतं ते आपण पाहतोच. तिथे साडेसातशे.

मतदारसंघ विचित्र शिवलेला होता. एका टोकाला मिशिगन सरोवराकाठचा हाइड पार्क: शिकागो विद्यापीठ, प्राध्यापक, जुने दगडी बंगले, स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवणारे उदारमतवादी. खाली साउथ शोअर. पश्चिमेला एंगलवूड, जिथे गरिबी ठाण मांडून बसलेली. या सगळ्या पट्ट्यात रिपब्लिकन पक्षाला कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरातली निवडणूक उपचारापुरती उरायची.

शिकागोच्या राजकारणातला एक किस्सा इथे सांगायलाच हवा. १९४८ साली ॲबनर मिक्वा नावाचा कायद्याचा विद्यार्थी वॉर्डातल्या डेमोक्रॅटिक कचेरीत गेला आणि म्हणाला, मला प्रचाराचं काम करायचंय. तिथल्या माणसाने सिगार बाजूला करून विचारलं, तुला कोणी पाठवलं? मिक्वा म्हणाला, कोणीच नाही. त्यावर उत्तर आलं, कोणी न पाठवलेला कोणी आम्हाला नको. हा मिक्वा पुढे खासदार झाला, न्यायाधीश झाला, आणि म्हातारपणी ओबामांचा मार्गदर्शकही. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झाला असला तरी त्यातला प्रश्न शिकागोत कधी शिळा झाला नाही. कोणी पाठवलं?

१९९५ साली ओबामांना हा प्रश्न विचारला असता तर उत्तर तयार होतं: ॲलिस पामर यांनी.

ओबामा शिकागोचे नव्हते. जन्म होनोलुलूचा, पदवी न्यूयॉर्कची. १९८५ मध्ये ते वस्त्यांमधून लोकांना संघटित करायच्या नोकरीवर शिकागोत आले, तीन वर्षांनी हार्वर्डला कायदा शिकायला गेले, तिथल्या ‘लॉ रिव्ह्यू’ या कायद्याच्या नियतकालिकाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि परत आले. परत आल्यावर त्यांनी एक काम केलं, ज्याकडे चरित्रकार घाईत बघतात. १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट व्होट’ या मोहिमेचं इलिनॉयमधलं काम त्यांनी चालवलं. मतदार नोंदणीचं काम. लाखाहून अधिक नवे मतदार यादीत आले, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांमधून, आणि त्याच वर्षी कॅरोल मोझली ब्रॉन अमेरिकी सिनेटवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. पुढे ते नागरी हक्कांचे खटले चालवणाऱ्या एका छोट्या वकिली कंपनीत लागले. गाडीचा परवाना काढतानाच मतदार म्हणून नाव नोंदवता यावं, असा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला होता. इलिनॉयचे राज्यपाल तो राबवायला तयार नव्हते म्हणून त्यांच्यावर १९९५ मध्ये जो खटला भरला गेला, त्यातल्या वादींच्या वकिलांमध्ये ओबामा होते.

म्हणजे राजकारणात नवखा, पण मतदार यादीत मुरलेला असा हा माणूस होता. यादीत नाव कसं येतं, कसं गळतं, घर बदललं की काय होतं, सही जुळत नाही म्हणजे काय, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं विधिमंडळात वर्षानुवर्षं बसणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ते वर्षानुवर्षं बसलेले असतात म्हणूनच नसतं.

पामर यांचा पिंड वेगळा. शिक्षणक्षेत्रातून आलेल्या, डॉक्टरेट मिळवलेल्या, चळवळीतल्या बाई. १९९१ पासून राज्य सिनेटमध्ये होत्या आणि हाइड पार्कच्या स्वतंत्र बाण्याच्या लोकांना त्या आपल्या वाटत. १९९५ च्या उन्हाळ्यात शेजारच्या मतदारसंघातला अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य मेल रेनल्ड्स एका अल्पवयीन मुलीशी केलेल्या गैरवर्तनाच्या खटल्यात सापडला होता. ती जागा लढवायची पामर यांनी ठरवलं. म्हणजे त्यांची सिनेटची जागा मोकळी होणार. ती कोणाला? त्यांच्या वर्तुळातल्या लोकांनी तरुण वकिलाचं नाव सुचवलं, आणि त्यांनी मान डोलावली.

मान डोलावली हा शब्दप्रयोग मी मुद्दाम वापरतो आहे. पामर यांनी पुढे सांगितलं की त्याला पाठिंबा म्हणणं जरा जास्तच होईल, ती फक्त अनौपचारिक संमती होती. ओबामांचं म्हणणं असं की, आपण त्यांना आधी स्पष्ट विचारलं होतं, नक्की मागे येणार नाही ना. आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. कागदावर काहीच नाही. पण एक गोष्ट सगळ्यांसमोर घडली. १९ सप्टेंबर १९९५ ला हाइड पार्कमधल्या ‘रमाडा इन लेकशोअर’ हॉटेलात ओबामांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला पामर स्वतः उभ्या होत्या. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनीही याच जागेतून उमेदवारी जाहीर केली होती, याची त्यांनी आठवण करून दिली आणि हा तरुण तीच परंपरा पुढे नेईल असं सांगितलं. वॉशिंग्टन जाऊन आठ वर्षं होत आली होती; दक्षिण शिकागोत त्यांचं नाव घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ओबामा त्या दिवशी बोलताना म्हणाले की हल्ली राजकारण्यांची पत वकिलांच्याही खाली गेली आहे. म्हणजे ते खाली उतरत होते म्हणायचं.

आता तारखा बघा. मला या प्रकरणात सर्वांत रोचक वाटतात त्या तारखाच.

सह्यांचे कागद फिरवायला इलिनॉयमध्ये अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधीचे ९० दिवस मिळतात. शेवटचा दिवस होता १८ डिसेंबर. तिथून उलटे ९० दिवस मोजले की येतो १९ सप्टेंबर. रमाडा इनमधली सभा नेमकी त्याच दिवशी. योगायोग असेलही. पण सभेतून बाहेर पडणारा कार्यकर्ता थेट कागद घेऊन दारोदार जाऊ शकत होता, एवढं खरं. ओबामांच्या माणसांना पूर्ण तीन महिने मिळाले.

पामर यांचं गणित दुसरीकडे फिसकटलं. रेनल्ड्स दोषी ठरला आणि १ ऑक्टोबरपासून त्याने राजीनामा दिला. त्यामुळे काँग्रेसच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली आणि तिची प्रायमरी आली २८ नोव्हेंबरला. ती मार्चमध्ये नेहमीच्या प्रायमरीबरोबर झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पामर तोवर राज्य सिनेटची वाट सोडून चुकल्या असत्या. शिवाय या पोटनिवडणुकीत नागरी हक्कांचे नामवंत नेते जेसी जॅक्सन यांचे चिरंजीव जेसी जॅक्सन ज्युनियर उतरले. बापाचं नाव, पैसा, ओळख, सगळं घेऊन. राज्य सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते एमिल जोन्सही उतरले. जॅक्सन जिंकले, जोन्स दुसरे आले, आणि पामर बऱ्याच अंतराने तिसऱ्या.

२८ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर. वीस दिवस. हरलेल्या बाईंना आपली जुनी जागा अजून हाताच्या अंतरावर दिसत होती.

त्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, ओबामांच्या आई होनोलुलूत कर्करोगाने गेल्या, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. शेवटच्या क्षणी ते जवळ नव्हते. यावर ते पुढे अनेकदा बोलले आहेत. मोहिमेच्या हिशेबात ही गोष्ट कुठे बसत नाही, पण डिसेंबरात त्यांना जे विचारलं गेलं ते या महिन्यानंतर विचारलं गेलं, म्हणून नोंदवतो.

विचारलं गेलं ते असं. पामर यांच्या समर्थकांची बैठक झाली. त्यात इतिहासकार टिम्युएल ब्लॅक यांच्यासारखी वडीलधारी, सगळ्यांना पूज्य अशी माणसं होती. त्यांनी ओबामांना समजावलं: तू तरुण आहेस, तुला पुढे वेळ आहे, बाईंचा अनुभव मोठा आहे, ही वेळ तेवढी त्यांना दे. पुढच्या वेळी आम्ही तुझ्या मागे उभे राहू. महाराष्ट्रात राजकारण पाहिलेल्या कोणालाही ही वाक्यं पाठ असतील. ‘या वेळी थांब’ असं आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात कोणीतरी कोणालातरी सांगत असतं, आणि थांबलेल्यांची पुढची वेळ किती वेळा येते हेही आपल्याला ठाऊक आहे.

ओबामांनी नकार दिला. लोक कामाला लागलेत, पैसे गोळा झालेत, मी मागे फिरणार नाही.

इथे जरा थांबायला हवं. बहुतेक लोक या प्रकरणाचा निवाडा पुढच्या टप्प्यावर, सह्यांच्या हरकतींवर करतात. माझ्या मते खरा निर्णय या बैठकीतच झाला, पुढचं सारं त्याच्या मागून आपोआप आलं. पामर समर्थकांच्या डोळ्यांसमोर भरत होता. रामाच्या पादुका गादीवर ठेवून कारभार बघणारा आणि राम परतला की गादी देऊन टाकणारा. पण भरताला कोणी घरोघर जाऊन सह्या आणायला लावल्या नव्हत्या. ओबामा तोवर तीन महिने रस्त्यावर होते. पामर यांच्या शब्दावर ते आत आले होते हे खरंच. आत आल्यावर त्यांनी स्वतःचा रस्ता तयार करून घेतला होता, हेही तितकंच खरं. ज्याने पाठवलं त्यानेच परत बोलावलं, तर काय करायचं? शिकागोच्या जुन्या रिवाजात उत्तर सरळ होतं: परत जायचं. ओबामांनी ते मानलं नाही, आणि पामर यांच्या गोटातल्या अनेकांनी त्यांना ते कधीच माफ केलं नाही. मला दोघांचंही समजतं. तराजू हातात दिलाच तर मी ओबामांच्या बाजूला झुकेन. शब्द पामर यांनी बदलला होता, त्यांनी नाही.

११ डिसेंबरला ओबामांचा अर्ज दाखल झाला. सह्या तीन हजारांवर. लागणार होत्या त्याच्या चौपट. हे दिसायला दिखाऊपणा वाटतो, पण शिकागोत अनुभवी माणूस असंच करतो: निम्म्या सह्या उडाल्या तरी आपण उभे राहू इतक्या गोळा करायच्या. पामर यांचा अर्ज आला शेवटच्या दिवशी, १८ डिसेंबरला. सह्या १,५८०. लागणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. वीस दिवसांत, तेही नाताळच्या तोंडावर आणि शिकागोच्या थंडीत, हा आकडा वाईट मुळीच नाही.

आता हरकतींचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण इथेच निवडणूक झाली. अर्ज सादर झाले की कोणीही मतदार प्रतिस्पर्ध्याच्या सह्यांवर हरकत घेऊ शकतो, अगदी ओळीओळीवर. मग शिकागोच्या निवडणूक मंडळाच्या कचेरीत एकेक सही मतदाराच्या नोंदीशी ताडून बघतात. माणूस नोंदणीकृत आहे का? पत्ता मतदारसंघातला आहे का? सही नोंदणीच्या वेळच्या सहीसारखी दिसते का? इथे फार बळी जातात, कारण दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्यासमोर घाईत लोक सही न करता नाव सुट्या अक्षरांत लिहितात, आणि सुट्या अक्षरांतलं नाव जुन्या सहीशी कसं जुळणार? शिवाय त्या काळी सही अस्सल असली तरी ती गोळा करणाऱ्याची स्वतःची मतदार नोंदणी नीट नसेल तर तीही जायची. ज्याची सही उडाली त्याला प्रतिज्ञापत्र देऊन ती वाचवता येते, पण त्यासाठी उमेदवाराला पुन्हा त्या दारात जावं लागतं. दोन-पाच ठिकाणी जमेल. पाचशे ठिकाणी कोण जाणार?

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, २ जानेवारी १९९६ ला, ओबामांची माणसं निवडणूक मंडळात बसून हे काम करू लागली. त्यांत हाइड पार्कचे जुने, मुरलेले स्वतंत्र कार्यकर्ते होते. हरकतींचं हे शस्त्र शिकागोचं महापौरपद भूषवलेल्या डेली घराण्याच्या पक्षयंत्रणेने अनेक दशकं याच स्वतंत्र लोकांवर चालवलं होतं. मार खाता खाता तेही ते चालवायला शिकले होते. ओबामांच्या एका तरुण कार्यकर्त्याने पुढे सांगितल्याप्रमाणे ओबामांना हा प्रकार फारसा खिलाडू वाटला नव्हता. तरी त्यांनी होकार दिला. आणि एकट्या पामर यांच्याच नाही, चारही प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांवर हरकत घेतली. हे मला महत्त्वाचं वाटतं. पामर यांच्याबाबत शब्दाचा, मानापमानाचा प्रश्न होता. बाकीच्या तिघांशी ओबामांचं काही देणंघेणं नव्हतं. गाइस आस्किया, मार्क युएल, उल्मर लिंच ज्युनियर. 

युएल यांची गोष्ट मला सर्वांत जास्त चटका लावते. त्यांनी १,२८६ सह्या दिल्या होत्या. बेसावध माणूस नव्हता. सह्या करणारे खरंच मतदार आहेत का, हे त्यांच्या लोकांनी यादीशी ताडून बघितलं होतं. पण ती यादी १९९५ च्या सुरुवातीची. मधल्या काळात निवडणूक मंडळाने मतदार यादीची नेहमीची सफाई केली होती आणि तेराव्या मतदारसंघातून १५,८७१ नावं कमी झाली होती. घर बदललेले, गेलेले, अपात्र ठरलेले. हरकतींचा निकाल लागला तो ताज्या यादीवर. फेब्रुवारीत मतदार असलेला माणूस डिसेंबरात मतदार राहिला नव्हता, आणि त्याला स्वतःलाही ते बहुधा कळलं नव्हतं. युएल यांना ८६ सह्या कमी पडल्या. ते केंद्रीय न्यायालयातही गेले, उपयोग झाला नाही.

तीन वर्षांपूर्वी ज्याने या यादीत लाखभर नावं घातली, त्याचा राजकारणातला प्रवेश त्याच यादीतून गळलेल्या नावांमुळे सुकर झाला. ओबामांनी ती नावं काढली नव्हती, आणि सफाईवर त्यांचा काही ताबा नव्हता. त्यांना फक्त कोणती यादी चालेल ते ठाऊक होतं.

आस्किया यांच्या बाबतीत प्रकार अधिक जुन्या वळणाचा. त्यांनी १,८९९ सह्या दिल्या आणि शेवटी ६९ कमी पडल्या. त्यांनीच पुढे कबूल केलं की काही कागद भरून आणायला त्यांनी पक्षाच्या वॉर्डातल्या कार्यकर्त्यांना पानाला पाच डॉलर मोजले होते. आणि त्या लोकांनी टेबलाभोवती बसून कागद एकमेकांकडे सरकवत, यादीतली नावं बघत खोट्या सह्या ठोकल्या असाव्यात, असा त्यांना संशय होता. ही युक्ती शिकागोत इतकी जुनी आहे की तिला नावही आहे, ‘राउंड टेबल’. म्हणजे हरकती घेणं हे निव्वळ वकिली कावेबाजपणा नव्हता. चाळणी लावायचं कारण तिथे होतं. फक्त चाळणीची भोकं एवढी बारीक की खडे आणि धान्य दोन्ही वरच राहिले.

१७ जानेवारीला पामर यांनी माघार घेतली. १,५८० पैकी साधारण दोन तृतीयांश सह्या उडाल्या होत्या, सुमारे दोनशे कमी पडत होत्या. बाकीचे तिघंही गेले. मैदान रिकामं.

‘बिनविरोध’ हा आपला शब्द किती सोयीचा आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावाचं कौतुक होतं, कधी सरकारकडून बक्षीसही मिळतं. आणि आतून कोणाला कसं बसवलं ते कोणी विचारत नाही. अमेरिकेत या प्रकाराला कौतुकाचा शब्द नाही. २००७ साली, अध्यक्षपदाच्या मोहिमेत, पत्रकारांनी ओबामांना याबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं की, नियम आम्ही केले नव्हते, आम्ही ते पाळले. आणि ज्याला सह्यांची मोहीम नीट चालवता येत नाही तो प्रतिनिधी म्हणून कितपत काम करेल, हा प्रश्नच आहे. एकच नाव समोर असणं मतदारांच्या हिताचं होतं का, यावर ते म्हणाले, त्यांना चांगला सिनेटर मिळाला.

पहिलं उत्तर मला मान्य आहे. नवख्याने नियमांचं पुस्तक वाचून खेळू नये आणि जुन्यांनी वाचायची तसदीच घेऊ नये, असा आग्रह कोणी धरू शकत नाही. दुसरं उत्तर अर्धंच मान्य आहे. सह्यांची मोहीम ही संघटनेची परीक्षा असते, पण तयारीला ९० दिवस मिळालेल्याची आणि २० दिवस मिळालेल्याची परीक्षा एकच नसते. आणि युएल नापास झाले ते संघटनेत नव्हे, यादीच्या तारखेत. तिसरं उत्तर ऐकून मात्र मला हसू येतं. मिळालेला सिनेटर चांगला निघाला म्हणजे निवड करायला न मिळाल्याचं उट्टं निघतं, हा युक्तिवाद कुठल्याही बिनविरोध सरपंचाच्या तोंडी शोभेल. ओबामांसारखा घटनेचा अभ्यासक तो स्वतःच्या विद्यार्थ्याकडून ऐकून घेणार नाही.

मग त्यांनी काय करायला हवं होतं? पामर यांच्यावरची हरकत मी समजू शकतो, तिथे लढाई खरी होती. बाकीच्या तिघांना राहू द्यायला हवं होतं, असं मला आधी वाटायचं. आता तितकं वाटत नाही. तिघं राहिले असते आणि पामर गेल्या असत्या, तर पामर यांचे नाराज लोक त्यातल्या कोणाच्या तरी मागे एकवटले असते. एकालाही ठेवणं म्हणजे रागाला एक नाव देणं. हे ओबामांना किंवा त्यांच्या सल्लागारांना दिसलं असणारच. हिशेब म्हणून तो अचूक होता, आणि तो अचूक होता म्हणूनच त्यात कोवळं असं काही उरत नाही.

नोव्हेंबर १९९६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ओबामांना ८२ टक्के मतं मिळाली. जानेवारी १९९७ मध्ये ते राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफिल्डला, शपथ घ्यायला गेले. तिथे सिनेट रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होतं आणि डेमोक्रॅटिक गटाचे नेते होते एमिल जोन्स, ज्यांना जॅक्सन ज्युनियरने पामर यांच्यासोबतच हरवलं होतं. पुढे हेच जोन्स ओबामांचे गुरू झाले. शहरातल्या काही जुन्या कृष्णवर्णीय नेत्यांच्या मनात अढी राहिली: हार्वर्डचा पोरगा, बाहेरून आलेला, रांग मोडून पुढे घुसलेला. पामर सक्रिय निवडणुकीच्या राजकारणात परतल्या नाहीत. २००८ च्या प्रायमरीत त्या हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

आणि मध्ये २००० साल होतं. राज्य सिनेटमध्ये तीन वर्षं काढल्यावर ओबामांनी शिकागोच्या दक्षिण भागातले काँग्रेस सदस्य, एकेकाळचे ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले कार्यकर्ते, बॉबी रश यांच्याविरुद्ध प्रायमरी लढवली. कोणी पाठवलं नव्हतं, उलट बहुतेकांनी नको म्हणून सांगितलं होतं. या वेळी समोरच्याचं नाव मतपत्रिकेवर होतं. रश ६१ टक्के, ओबामा ३०.